बेंझोकेनची बाटली

मे महिन्यातल्या एका गुरुवारी, बी. फार्मसीच्या चौथ्या सत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, आमच्या तुकडीतल्या एकोणीस विद्यार्थ्यांनी एकाच बाटलीतली पांढरी पावडर स्वतः बनवलेलं औषध म्हणून सादर केली. एकोणीसही जण पास झाले. विसावी मुलगी खरोखर स्वतः बनवलेलं औषध घेऊन गेली. ती नापास झाली. एकोणिसांत मी होतो.

विषय मेडिसिनल केमिस्ट्री. औषधाच्या रेणूची रचना कशी असते आणि त्या रचनेमुळे ते शरीरात काय करतं, याचा हा अभ्यास. परीक्षेला आलेलं औषध होतं बेंझोकेन. हिरडीला लावायच्या मलमात, घसा दुखल्यावर चघळायच्या गोळ्यांत ते असतं. लागलं त्या जागेची संवेदना काही मिनिटं जाते. ते बनवायला एक आम्ल, अल्कोहोल आणि थोडं सल्फ्युरिक ॲसिड एवढंच लागतं. मिश्रण उकळायचं, थंड करायचं, सोडा घालून उरलेलं आम्ल मारायचं, खाली बसलेली पावडर गाळून घ्यायची. मूळ आम्ल आणि बेंझोकेन यांच्यात दोन कार्बनांच्या एका लहानशा शेपटीचा फरक आहे. शेपटी नसेल तर तो पदार्थ जंतूंचं अन्न असतो. शेपटी लागली की तो माणसाची नस गप्प करतो. या विषयात शिकण्यासारखं जे काही आहे ते बहुतेक या एका उदाहरणात आहे. आम्ही ते पाठ केलं होतं.

कॉलेज राहुरीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत, दोन्ही बाजूंना ऊस. इमारतीत संस्थेच्या अध्यक्षांचे पाच फोटो होते. द्रवणांक मोजायचं यंत्र एक होतं. द्रवणांक म्हणजे पदार्थ ज्या तापमानाला वितळतो तो आकडा. बनवलेलं औषध खरंच तेच आहे का, हे तपासायची ती सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जुनी रीत. बेंझोकेन एकोणनव्वद अंशांच्या आसपास वितळतं. मूळ आम्ल एकशे सत्त्याऐंशीला. दोन आकड्यांत एवढं अंतर असल्यावर चूक व्हायला जागा राहत नाही. ती व्हायची असेल तर मुळात मोजायचंच नाही, एवढा एकच मार्ग उरतो.

आमच्या कॉलेजात तो मार्ग प्रथा म्हणून रुळलेला होता. सत्र सुरू झालं की आदल्या वर्षाच्या मुलांकडून त्यांच्या जर्नल वह्या घ्यायच्या. त्यांनी त्या त्यांच्या आधीच्यांकडून घेतलेल्या असत. किती पावडर मिळाली, किती अंशांना वितळली, निष्कर्ष काय, सगळं उतरवायचं. मिळालेल्या पावडरीचं वजन दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत सारखं येई. विसाच्या वीस जणांना, दरवर्षी. सर तपासून तारखेसह सही करत. एका मुलाने आधीच्याचा हजेरी क्रमांकही उतरवला होता. त्यालाही सही मिळाली.

परीक्षेसाठी बाटली होती. तपकिरी काचेची, रुंद तोंडाची, लेबलवर निळ्या शाईत औषधाचं नाव. परीक्षेत चार तास आम्ही चंबूखाली ज्योत लावून उभे राहायचो, आणि बारा वाजता प्रयोगशाळेतले शिपाई मामा प्रत्येकाच्या पुडीत बाटलीतली चमचाभर पावडर टाकून जायचे. पुडीवर क्रमांक लिहायचा, परीक्षकासमोर ठेवायची. परीक्षक जेवायला गेले की मामा सगळ्या पुड्या परत बाटलीत रिकाम्या करायचे. पुढच्या वर्षी तीच पावडर. बाटली प्रथम कधी आणि कशाने भरली, याची नोंद नाही. एका जुन्या विद्यार्थ्याने मला सांगितलं की ती त्यांच्या काळात अर्धी होती आणि कोणीतरी भरली. दुसऱ्याने सांगितलं की ती नेहमी भरलेलीच होती. दोघांचं सांगणं जुळत नाही.

हा विषय आम्हाला विभागप्रमुख शिकवत. सगळे त्यांना सर म्हणत, आणि ते याच कॉलेजचे विद्यार्थी होते. ते नोट्स सांगत आणि आम्ही लिहून घेत. ‘ब्रॅकेट सुरू’, ‘ब्रॅकेट बंद’ हेही ते सांगत. औषध आणि शरीरातली त्याची जागा यांना ते कुलूप आणि किल्ली म्हणत. चार सत्रांत त्यांनी याखेरीज दुसरी उपमा वापरल्याचं माझ्या वहीत नाही. किल्ली कुलपात का बसते, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते बहुधा म्हणाले असते की ते पाचव्या सत्रात आहे.

एकदा मात्र एकीने विचारलं. ती म्हणजे वर सांगितलेली विसावी मुलगी.

ती कर्जत तालुक्यातली. आई-वडील दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला देवळाली प्रवराच्या बाजूला यायचे, त्यामुळे तिची शाळा दोन गावांत विभागलेली. बारावीपर्यंत मराठी माध्यम. पहिल्या सत्रात ती औषधांची नावं देवनागरीत लिहायची आणि वर्ग तिची वही हातोहात फिरवून हसायचा. तिसऱ्या सत्रात हसणं बंद झालं, कारण तोवर तीच एकटी रचना न बघता काढू शकत होती. तिचा हजेरी क्रमांक माझ्या आधीचा होता. म्हणून प्रयोगशाळेत टेबल एक, नळ एक. मैत्री म्हणावी असं काही नव्हतं.

बधिरीकरणाची औषधं शिकवताना तिने हात वर केला. तिच्या आईची दाढ काढताना डॉक्टरांनी दोनदा इंजेक्शन दिलं तरी बधिर झालं नव्हतं. दाढेत पू होता. असं का होतं, एवढाच तिचा प्रश्न होता. सर म्हणाले की डॉक्टरचं इंजेक्शन एक्स्पायर झालेलं असेल, आणि हे सिलॅबसमध्ये नाही. पुढच्या आठवड्यात तिने उत्तर स्वतः शोधून आणलं आणि मला टेबलावर काढून दाखवलं. पू झालेल्या जागेत आम्लता जास्त असते. इंजेक्शनचं औषध तिथे आल्या आल्या भार घेतं, आणि भार घेतलेला रेणू नसेच्या आवरणातून आत जाऊ शकत नाही. दारातच अडकतो. बेंझोकेन तसा भार घेत नाही, पण ते पाण्यात विरघळत नसल्याने इंजेक्शनातून देता येत नाही, फक्त वरून लावता येतं. ‘म्हंजे डॉक्टरची चूक नव्हती,’ ती म्हणाली. ‘आई अजून त्याला शिव्या देती.’

मी ते उत्तर वहीत उतरवून घेतलं नाही. परीक्षेला येणार नव्हतं.

तिला सुप्याला जायचं होतं. पारनेर तालुक्यातल्या सुपे एमआयडीसीत एक औषध कंपनी होती. ती दरवर्षी आमच्या कॉलेजातून दोन मुलं गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेसाठी घेत असे. अट एकच. गुणपत्रिकेवर एकही बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको. नंतर सुटलेलाही नको.

ती अट पुरी झाली नाही तर काय, हेही ठरलेलं होतं. तिच्या आईच्या चुलत भावाचं कर्जतला औषधाचं दुकान होतं. कायद्याप्रमाणे दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असावा लागतो. चालीप्रमाणे त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर हजर असतं आणि माणूस कुठेतरी दुसरीकडे. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांच्या भिंती दुसऱ्या वर्षातच ठरल्या होत्या, आणि ते हे अभिमानाने सांगत. तिच्या मामाने तिला कॉलेजात घालताना मदत केली होती. काउंटरवर तो स्वतः बसायचा, शिक्षण दहावी. प्रमाणपत्र आलं की ते त्याच्याकडे लागणार आणि तिचं लग्न होणार, हे त्याने तिच्या घरी बोलून ठेवलं होतं. एकदा टेबल पुसताना तिने मला हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं. तिसरं वाक्य होतं, ‘मला भिंतीला लटकायचं नाही.’

परीक्षेच्या दिवशी तिने बाटलीतली पावडर घेतली नाही. कारण तत्त्व नव्हतं. सत्रभर तिचं बेंझोकेन बनत नव्हतं आणि ते का बनत नाही हे तिने शोधून काढलं होतं. वापरायच्या कपाटातल्या अल्कोहोलमध्ये पाणी होतं. पाणी कोणी आणि का घातलं, यावर कॉलेजात एकमत होतं, पण कोणी ते बोलत नसे. या अभिक्रियेत पाणी असलं की ती उलटी फिरते आणि हातात मूळ आम्लच राहतं. तिला कोरडं अल्कोहोल हवं होतं. ते दाखवायच्या कपाटात होतं. आमच्याकडे कपाटं दोन प्रकारची होती, वापरायची आणि दाखवायची. दाखवायच्या कपाटांतल्या वस्तूंवर प्लास्टिक तसंच असे, आणि ती तपासणी समिती येणार त्या दिवशी उघडली जात. तिने मामांकडे दर आठवड्याला मागणी केली. परीक्षेच्या सकाळी मामांनी सीलबंद बाटली फोडून तिला मोजून दिलं आणि रजिस्टरला लिहिलं. मामा देवळालीचे, निवृत्तीला थोडं राहिलेलं. त्यांच्याकडून एवढा कारभार झालेला मी तोवर पाहिला नव्हता.

तिच्या पुडीत थोडी पावडर आली, इतरांच्या निम्मीही नाही. रंग किंचित पिवळट, पण स्फटिकांच्या सुया स्पष्ट दिसत होत्या. तिने काचेची बारीक नळी ज्योतीवर धरून एक टोक बंद केलं, पावडर ठोकून आत बसवली, यंत्रात लावली आणि आकडा वाचला. शहाऐंशीला वितळायला लागली, अठ्ठ्याऐंशीला पूर्ण वितळली. तिने तेच लिहिलं. बाकीच्या एकोणीस उत्तरपत्रिकांवर एकोणनव्वद होतं. यंत्राची वायर त्या दिवशी तिच्याआधी कोणी जोडलेली नव्हती.

बाहेरचे परीक्षक शेजारच्या जिल्ह्यातून आले होते. त्यांच्या कॉलेजात परीक्षक म्हणून आमचे सर जात. हे परीक्षक पुडी उघडत, पांढरी आहे का बघत, वजन बघत, आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळतो का बघत. तिची पुडी उघडून त्यांनी विचारलं की एवढीच का. तिने सांगितलं. आकडा असा दोन अंशांत पसरलेला का, असं त्यांनी विचारलं. पदार्थ पूर्ण शुद्ध नाही, पुन्हा स्फटिक करायला वेळ पुरला नाही, असं ती म्हणाली. हे उत्तर बरोबर होतं. त्यांनी आमच्या सरांकडे पाहून म्हटलं, ‘हिची प्रॅक्टिस कमी दिसतेय.’ सर हसले. एक वाजता गुणांचा तक्ता भरून झाला आणि ते जेवायला गेले. ढाब्यावरून मटण मागवलेलं होतं.

मामांनी एकोणीस पुड्या बाटलीत रिकाम्या केल्या. विसावी बाजूला ठेवली. का ठेवली, असं मी नंतर विचारलं. ‘सुया चांगल्या हुत्या,’ ते म्हणाले.

निकाल जुलैत लागला. प्रात्यक्षिकात नापास झालेली आमच्या तुकडीत ती एकटी. दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली, मामांकडून बाटली घेतली, नळीत पावडर भरली आणि यंत्र सुरू केलं. आकडा दुसऱ्या कोणीतरी वाचावा, म्हणजे नंतर कोणी काही म्हणायला नको, असं तिने सांगितलं. मी टेबलावर होतो म्हणून मला सांगितलं. एकोणनव्वदला काही झालं नाही. शंभरला काही नाही. दीडशेला काही नाही. मामा दोनदा येऊन बघून गेले. एकशे सत्त्याऐंशीला पावडर वितळली. मी आकडा मोठ्याने वाचला. तिने कागदावर लिहिला, वेळ लिहिली, खाली स्वतःची सही केली. दुसऱ्या सहीसाठी जागा सोडली.

म्हणजे बाटलीत बेंझोकेन नव्हतं, मूळ आम्ल होतं. एकोणीस जणांनी जो पदार्थ दिला गेला तोच, काहीही न करता, परत दिला होता आणि त्याला गुण मिळाले होते. आधीच्या किती वर्षांत हेच घडलं, ते आता कळायला मार्ग नाही.

ती कागद घेऊन सरांकडे गेली. मामांना बोलावलं होतं, आणि वाचणारा म्हणून मलाही. सरांनी कागद वाचला, उलटा ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच.

‘सील कुणी फोडलं?’

मी मागितलं, मामांनी दिलं, रजिस्टरला नोंद आहे, असं ती म्हणाली. ती बाटली कमिटीसाठी होती, असं सर म्हणाले.

मामा दाराशी उभे होते. ‘कमिटी काय पिनार हाय का, सर,’ ते म्हणाले.

सरांनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं. मग ते तिच्याशी बराच वेळ मायेने बोलले. तिला बाळ म्हणाले. एका विषयाचा बॅकलॉग सहा महिन्यांत सुटतो. पण ही गोष्ट विद्यापीठात गेली तर सगळ्या तुकडीचा निकाल थांबेल, कॉलेजच्या मान्यतेचा प्रश्न येईल, आणि ज्या मुलांनी तिचं काही वाकडं केलं नाही त्यांचं वर्ष जाईल. शिवाय यंत्र जुनं आहे. त्याचा आकडा धरून चालत नाही.

‘मग यंत्र राहू द्या, सर,’ ती म्हणाली. ‘जिभेवर ठेवून बघा.’

तिने टेबलावर दोन कागद मांडले. एकावर बाटलीतली पावडर, दुसऱ्यावर तिच्या पुडीतली. खऱ्या बेंझोकेनचा कण जिभेवर ठेवला की जीभ अर्ध्या मिनिटात बधिर होते. सर म्हणाले की प्रयोगशाळेतलं रसायन चाखू नये, असा नियम आहे. नियम होता. बाहेरच्या तक्त्यावर तो सातव्या क्रमांकावर होता. आठव्या क्रमांकावर जर्नल स्वतः लिहावी असं होतं.

मामा पुढे आले. बाटलीतल्या पावडरीचा कण जिभेवर ठेवला, थांबले, खिडकीतून थुंकले. मग दुसऱ्या कागदावरचा ठेवला. थोड्या वेळाने जीभ दातांत धरून पाहिली.

‘हिनं जीभ मेली, सर,’ ते म्हणाले. ‘त्या बाटलीतलीनं कायबी न्हाई.’

मामांचं शिक्षण नववी. त्या खोलीत औषध कसं काम करतं हे त्या दिवशी तपासून पाहणारे ते एकटे होते. सर म्हणाले की मामांनी आता जावं.

त्या संध्याकाळी वर्गातले पाच जण तिला भेटायला कॅन्टीनमागे गेले. वर्गप्रतिनिधी, पहिला येणारा मुलगा, दोन मुली आणि मी. कोणी पाठवलं नव्हतं असं आम्ही तिला सांगितलं. सरांनी दुपारी वर्गप्रतिनिधीला केबिनमध्ये बोलावलं होतं. पहिला येणारा मुलगा बोलायला चांगला होता. तो म्हणाला की तिच्यावर अन्याय झाला आहे हे सगळ्यांना मान्य आहे, पण एका विषयासाठी एवढ्या जणांचं नुकसान करणं तिच्यासारख्या हुशार मुलीला शोभत नाही. मुलींपैकी एक रडली. तिचं लग्न ठरलेलं होतं आणि मुलाकडच्यांनी गुणपत्रिका मागितली होती.

विसावी मुलगी ऐकून घेत होती. मग तिने प्रत्येकाला विचारलं की तुझा आकडा किती आला होता. पाचही जणांनी एकोणनव्वद सांगितलं. कोणी लावून बघितला होता, असं तिने विचारलं. वर्गप्रतिनिधी म्हणाला की हे असं उलटतपासणीसारखं नको. तिने कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

‘यांचं जाऊ दे. तू तर स्वतः वाचलास. इथं सही कर.’

मी म्हणालो की निकाल लागून गेला आहे, आता सही करून उपयोग काय. ‘उपयोग माझा मी बघते,’ ती म्हणाली. मी म्हणालो की घरी विचारून सांगतो. माझं घर पारनेरला, वडील प्राथमिक शिक्षक. त्यांना द्रवणांकाबद्दल विचारण्यासारखं काही नव्हतं आणि मी विचारलंही नाही. तिने कागदाची घडी घातली. दुसरी सही नसल्याने तो कागद तक्रार म्हणून कॉलेजच्या आवक नोंदवहीत चढला नाही. तो तिच्याकडेच राहिला असावा. मला माहीत नाही.

ऑगस्टमध्ये सरांनी तिला बोलावून एक काम दिलं. बाटलीतली पावडर टाकून द्यायची आणि नवं बेंझोकेन बनवून बाटली भरायची. कमिटी त्या वर्षी येणार होती. वर्गात हे काम आणखी कोणाला येत नव्हतं, हे सरांना आता माहीत झालं होतं. तिने कोरडं अल्कोहोल मागितलं. या वेळी सरांनी कपाटाची किल्ली स्वतः दिली. तास संपले की दुपारी ती आणि मामा प्रयोगशाळेत असत. तिने प्रत्येक घाण्याचा द्रवणांक मोजून बाटलीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिला. अकरा दुपारी लागल्या. यासाठी तिला कोणी काही दिलं नाही. प्रमाणपत्रही नाही, आणि आमच्या कॉलेजात झाडं लावल्याचंही प्रमाणपत्र मिळत असे. बाटली भरल्यावर एकदा कोणी नसताना मी त्यातला कण जिभेवर ठेवला. जीभ बधिर झाली.

हिवाळी परीक्षेत ती पुन्हा बसली. प्रयोग ठरवायच्या चिठ्ठीत बेंझोकेनच आलं. या वेळी तिने बाटलीतली पावडर घेतली. ती तिचीच होती. तरी तिने नळी बंद केली आणि यंत्रात लावली. नवे परीक्षक तिच्याजवळ थांबले आणि म्हणाले, ‘कशाला लावतेस? पुस्तकात दिलंय की.’ तिने आकडा वाचून लिहिला. ती पास झाली. त्याच बाटलीतून पुढच्या तुकड्याही पास झाल्या.

शेवटच्या वर्षी सुप्याची कंपनी आली. अधिकाऱ्याने गुणपत्रिका मागितल्या. तिच्या गुणपत्रिकेवर एका विषयापुढे दुसऱ्या प्रयत्नाची खूण होती. त्याने ती बोटाने दाखवली आणि गठ्ठा वेगळा केला. तिने काय झालं ते सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला की प्रत्येकाची काहीतरी स्टोरी असते. दोघांची निवड झाली. एक पहिला येणारा मुलगा. दुसरा मी.

सुप्याच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी तिथल्या पर्यवेक्षक मॅडमनी माझ्या हातात कच्च्या मालाचा नमुना आणि काचेच्या नळ्यांची डबी दिली आणि द्रवणांक काढायला सांगितलं. मी नळीचं टोक बंद न करता पावडर भरली. ती दुसऱ्या टोकाने टेबलावर पडली. मॅडमनी विचारलं की कॉलेजात यंत्र नव्हतं का. ‘नव्हतं,’ मी म्हणालो. त्यांनी नळी ज्योतीवर धरून टोक कसं फिरवायचं ते दाखवलं. मी अकरा महिने तिथे होतो. नंतर नगरला एका वृत्तपत्रात उमेदवारी धरली. दोन ठिकाणांहून खात्री केल्याशिवाय इथे एक ओळ छापली जात नाही, असं तिथे पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. तेही पूर्ण खरं नव्हतं, पण सांगितलं गेलं.

भाड्याच्या प्रमाणपत्रांवर चालणाऱ्या औषध दुकानांची बातमी माझ्याकडे गेल्या वर्षी आली. तोवर जिल्ह्याचं नाव बदलून पाट्या रंगवून झाल्या होत्या. मी कर्जतला गेलो. तिच्या मामाचं दुकान बाजारपेठेच्या रस्त्यावर आहे. काउंटरवर तोच होता. मी पत्रकार आहे हे सांगून नाव लिहून दिलं. त्याने चहा मागवला. समोर एका बाईने कंबरदुखीची गोळी मागितली, त्याने डॉक्टरची चिठ्ठी न मागता चार गोळ्या कापून दिल्या, दोन एका रंगाच्या, दोन दुसऱ्या. कोणत्या, असं मी विचारलं. ‘ताकदीच्या,’ तो म्हणाला.

त्याच्या डोक्यावर भिंतीवर प्रमाणपत्र होतं. त्यावरचं नाव तिचं नव्हतं. आमच्या वर्गप्रतिनिधीचं होतं. तो पुण्याला मोबाईलच्या दुकानात आहे, हे मी त्याच दिवशी फोन करून पक्कं केलं.

भाचीचं का नाही लावलं, असं मी विचारलं. मी तिच्या वर्गात होतो, हे त्याला सांगितलं.

‘लई आडमुठी हाय ती,’ तो म्हणाला. ‘म्हनली, मला काउंटरवर बसू देनार असला तर लावा. आता बाईमानूस दुकानात बसवायचं व्हय. मी म्हनलं, मग ऱ्हाऊ दे. तर सरळ पिशवीत घालून घिऊन गेली.’

सध्या कुठे असते, असं मी विचारलं.

‘नगरला. औषधं तपासती म्हनं. लग्नाचं नाव काढू देत न्हाई.’

तिच्या मामाचं हे सांगणं मी पडताळून पाहिलं. ती नगरच्या एमआयडीसीत औषधं तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत आहे. पहिल्या पाळीला असते. आलेल्या नमुन्यांच्या द्रवणांकांच्या अहवालावर ‘तपासणारा’ या रकान्यात तिची सही असते. ‘पडताळणारा’ या रकान्यात दुसऱ्या माणसाची.